झोपेतली पहाटफेरी

भूपाल मगदूम लेकीच्या घरी राहायला आले आणि दुसऱ्याच पहाटे त्यांनी झोपलेली माणसं चालताना पाहिली.

सारा जन्म इचलकरंजीत यंत्रमागावर गेलेला. कधी पहाटे पाळीवर जायचं असे, कधी पाळीवरून परतायचं असे; पण पहाटे अंथरुणात असे ते कधी नव्हतेच. मागांच्या खडखडाटानं कान निम्मे गेले होते, पाय मात्र धड होते. पुण्याच्या कडेला उभ्या राहिलेल्या त्या उंच इमारतीतून ते खाली आले, मागच्या टेकडीकडं वळले, आणि थबकले. आवाज कानाआधी तळपायांना कळला. जमीन एका ठेक्यात थरथरत होती. शंभर माग एका सुरात चालावेत तशी.

टेकडीला वळसा घालणाऱ्या रबरी वाटेवरून रांग येत होती. बाया, पुरुष, सगळ्यांच्या अंगाला चिकटून बसलेले राखाडी कपडे, कपाळावर पांढरी पट्टी. पावलं झपाझप पडत होती, हात मागं-पुढं होत होते, आणि एकाचेही डोळे उघडे नव्हते. काहींची तोंडं उघडी होती. एक जाडजूड गृहस्थ चक्क घोरत गेले. घोरण्याचा आवाज जवळ आला, पुढून गेला, आणि वळणापलीकडं नाहीसा झाला.

त्यांच्या मागून त्रिशला आली. भूपालांची एकुलती एक लेक. मान जराशी डावीकडं कललेली, पापण्या मिटलेल्या.

"त्रिशे," त्यांनी हाक मारली. ती तशीच पुढून गेली. ते वाटेवर उतरणार, तेवढ्यात पिवळं जाकीट घातलेल्या एका मुलीनं त्यांचा दंड धरला.

"आजोबा, हाक मारू नका. पाटी वाचली नाही का?"

भूपाल वाचायला उशिरा शिकले होते. लेक डॉक्टरकीला गेल्यावर तिचे निरोप दुसऱ्याकडून वाचून घ्यायची लाज वाटू लागली, तेव्हा. त्यामुळं पाटी दिसली की ते अक्षर न् अक्षर वाचत. त्यांनी वाचलं, 'चालणारे झोपेत आहेत. त्यांना हाक मारू नये, स्पर्श करू नये, अडवू नये.'

"ती माझी लेक हाय," ते म्हणाले.

"असेल की. पण आत्ता ती झोपली आहे."

"झोपलीया, मग चालतीया कशी?"

मुलीचं नाव फरहाना मुजावर. पहाटेच्या फेरीवर लक्ष ठेवायचं काम तिचं. ती मिरजेची निघाली, म्हणून तिनं जरा जास्तच समजावून सांगितलं.

चालायला मेंदूचं फारसं काम नसतं. पाठीच्या कण्यात, कमरेच्या जरा वर नसांचं एक जाळं आहे. डावा, उजवा, डावा, उजवा हा ठेका तेच धरतं. मेंदू फक्त चल, थांब, वळ एवढंच सांगतो. समुद्रावरचे काही पक्षी उडता उडता झोप काढतात, तशी माणसाला चालता चालता का काढता येऊ नये, असं कुणाच्या तरी डोक्यात आलं. मग हा अंगरखा निघाला. त्याचं कंपनीनं दिलेलं नाव लांबलचक होतं. लोक अंगरखाच म्हणत. कपाळावरची पट्टी मेंदूला गाढ झोपेत धरून ठेवते, पाठीवरचे तारांचे धागे कण्याला 'चल' म्हणतात, आणि तोल जायला लागला की अंगरखा नेमक्या स्नायूला बारीक चिमटा काढतो. अंथरुणातून उठवून खाली आणणं, फेऱ्या घालणं, परत नेऊन निजवणं, सगळं तोच करतो. त्याला बघून लिफ्ट आणि घराची दारंही आपोआप उघडतात.

"आणि ह्यो खटाटोप कशाला? दिवसा चालायला काय झालंय?"

"दिवसा वेळ कुणाला आहे, आजोबा?" फरहाना हसली.

वेळ कुणालाच नव्हता, हे खरं होतं. पहाटेच्या चालण्याचे गुण डॉक्टर पूर्वीपासून सांगत आले होते. रिकाम्या पोटी चाललं की शरीर साठवलेली चरबी जाळू लागतं. कोवळा उजेड मिटल्या पापण्यांतूनही आत उतरतो आणि अंगातलं घड्याळ लावून देतो, मग रात्री झोप वेळेवर येते. रक्तदाब उतरतो, दिवसभर डोकं चालतं. शिवाय पहाटे कुणाचा फोन येत नाही. संध्याकाळी व्यायाम करू म्हणणाऱ्याची संध्याकाळ काम गिळून टाकतं. हे सगळं सगळ्यांना पाठ होतं. अडत होतं फक्त उठण्यापाशी. अंगरख्यानं तेवढंच काढून टाकलं.

* * *

सकाळी त्रिशला उभ्या उभ्या चहा पीत होती. ती भूलतज्ज्ञ. चार इस्पितळांत तिची धावपळ चाले. एकीकडचं ऑपरेशन संपलं की दुसरीकडं. जावई जहाजावर इंजिनियर, घरी आला तरी पाहुणाच.

"पहाटं तुला बघितलं," भूपाल म्हणाले.

"घाबरलात?"

"मेलेलं माणूस चालत गेल्यासारखं वाटलं."

"काहीतरीच बोलता, आप्पा."

"मग दात पण झोपेतच घासतीस काय?"

ती खळखळून हसली. "ते अजून निघालं नाही. निघालं की पहिली मीच घेणार." मग कप खाली ठेवून म्हणाली, "आप्पा, आई कोणत्या वयात गेली आठवतं ना?"

त्यांना आठवत होतं. भाकरी थापता थापता छातीला हात लावून बसली, ती उठलीच नाही. त्रिशला आता त्याच वयाला पोचली होती.

"माझ्याही हृदयाची एक नस आकसली आहे. अजून थोडीच. डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास झपाट्यानं चाला, दम लागेल इतकं, तर शस्त्रक्रिया टळेल. मी किती वेळा ठरवलं. बूट आणले, गजर लावला. गजर झाला की हातच तो बंद करायचा. म्हणून हा अंगरखा. ह्याच्या जोरावर उभी आहे मी."

फोन वाजला. "हो, निघालेच," असं म्हणत ती गेली. अर्धा चहा कपातच राहिला.

असंच रोज व्हायचं. संध्याकाळी ती यायची तेव्हा चेहरा ओढलेला असे. जेवताना ते काही सांगू लागले की ती "हं, हं" करी आणि डोळे फोनवर. तिचा दोष नव्हता. कुठल्या तरी पेशंटचं हृदय कुठं तरी बरोबर चालतंय की नाही, ते त्या फोनवर दिसत असे. भूपाल गोष्ट अर्ध्यावर सोडून वाटीतलं ताक पिऊन टाकीत.

* * *

ते पहाटे खाली जाऊ लागले. आधी बाकावर बसून बघत. मग रांगेच्या कडेनं, पाटीचा मान राखून, चार हात अंतर ठेवून चालू लागले. तिथं आणखीही म्हातारी माणसं येत. इंदुमती देशमाने नावाच्या बाई तर लेकाच्या शेजारून चालत त्याला यथेच्छ झापत असत.

"तुझ्या बायकोला सांग, माझ्या डब्यातलं मीठ कमी कर म्हणून. ऐकतोस का? आणि ती तुझी दाढी. बोकड दिसतोस."

भूपालांनी विचारलं, "ताई, त्याला ऐकू जातंय काय?"

"जागेपणी तरी कुठं जातं?" बाई म्हणाल्या. "इथं निदान मान हलवतो."

हे भूपालांच्या मनात घर करून बसलं. त्यांनीही बोलायला सुरुवात केली. पाण्याची पाळी, मागावरचा जुना जोडीदार तवनाप्पा, घराच्या मागं आलेलं पपईचं झाड. अर्ध्यावर राहिलेल्या गोष्टी ते पहाटे पुऱ्या करीत.

एका पहाटे वाटेवर दव होतं. त्रिशलाचं पाऊल जरा सरकलं. अंगरख्यानं तिला सावरलंही, पण त्याआधीच भूपालांचा हात पुढं गेला होता. पोर घसरली की बाप हात देतो, त्यात विचार कसला करायचा. आणि झोपेतल्या त्रिशलानं त्यांचं बोट धरलं. मुठीत घट्ट.

भूपाल पुतळ्यासारखे झाले. पाय मात्र चालत राहिले.

ती लहान असताना रातपाळी संपवून ते घरी येत, अंघोळ करीत आणि तिला उठवून बस्तीत नेत. त्यांच्याकडं जैन मंदिराला बस्ती म्हणतात. देवाचं दर्शन झाल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही ही तिच्या आईची शिस्त. पोर पेंगलेली असायची. डोळे मिटलेले, बापाचं बोट मुठीत, पाय आपोआप पडतायत, अशी ती अख्खी गल्ली पार करी. बस्तीतली घंटा वाजली की जागी व्हायची. परत येताना मात्र तिला आवरणं कठीण. पुढं पळत जायची, कोपऱ्यावरून वळायची, परत बापापर्यंत यायची, त्याला हात लावून पुन्हा पळायची. एकच रस्ता बाप एकदा चाले आणि पोर चारदा.

ती मूठ अजून तीच होती. डॉक्टर झाल्यापासून, लग्न झाल्यापासून तिनं त्यांचा हात कधी धरला नव्हता. मोठ्या लेकीचा हात बाप तरी कुठं धरतो.

दुसऱ्या दिवशी फरहाना वाटेच्या पलीकडच्या टोकाला असताना त्यांनी बोट पुढं केलं. मुठीनं ते धरलं. मग ते रोजचंच झालं.

* * *

पावसाळा सरला तेव्हा त्रिशलाची तपासणी झाली. ती दुपारीच घरी आली आणि खुर्चीत बसून राहिली. जिना चढलेली नव्हती, तरी दम लागला होता.

"काय झालं?" भूपालांनी विचारलं.

"नस आणखी आकसली आहे." तिचा आवाज सपाट होता. पेशंटच्या नातेवाइकांशी बोलावा तसा. "कळत नाही. एक दिवस चुकवलेला नाही. अंगरख्यावर रोज हिरवा दिवा लागतो, व्यायाम पूर्ण म्हणून. दिवाळीपर्यंत फरक पडला नाही तर छाती उघडावी लागेल म्हणाले." ती फोन बोटांत फिरवत होती. "मी रोज लोकांना सांगते, घाबरू नका, मी आहे ना. मला कोण सांगणार, आप्पा?"

भूपाल तिच्या डोक्यावर हात ठेवणार होते. हात उचललाही, पण ती तोवर फोनवर बोलू लागली होती.

दुसऱ्या पहाटे ते फरहानाकडं गेले. "माझ्या लेकीचा अंगरखा बिघडलाय. जरा बघ."

फरहानानं आपल्या हातातली काचेची पाटी चालू केली. रेघा वर गेल्या, खाली आल्या. बघता बघता तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"बिघडलेला नाही. ह्यांचा वेग उतरत गेला आहे. इथून, ह्या तारखेपासून." तिनं मान वर केली. "आजोबा, तुम्ही हात धरता का हिचा?"

भूपालांनी उजवा हात पाठीमागं घेतला.

"अंगावर बाहेरून ओढ लागली की अंगरख्याला वाटतं, माणूस दुखावलं आहे, कुठं तरी अडलं आहे. तो पाऊल हळू करतो. रोज तेच झालं की हाच ह्यांचा वेग, असं तो शिकतो आणि स्वतःचं मापही तिथंच आणून ठेवतो. दिवा हिरवाच लागणार. पण हे तुमच्या चालीनं चालणं झालं, आजोबा. तुमच्या वयाच्या. ह्यानं तिच्या हृदयाला काडीचा व्यायाम होत नाही."

इतक्या दिवसांत त्यांना एकदाही वाटलं नव्हतं की लेक त्यांच्यासाठी हळू चालते आहे. त्यांना वाटत होतं, आपल्याला जमतंय. आपण तिच्या बरोबरीनं चालतोय.

"तिचं काळीज मीच..." ते म्हणाले.

"मी माप पूर्ववत करते. अजून वेळ आहे," फरहाना म्हणाली. ती चांगली पोरगी होती. "तुम्ही फक्त लांब राहा."

"पाय न्हाई ठेवणार हितं," भूपाल म्हणाले.

* * *

पुढच्या पहाटे ते घरातच थांबले. त्रिशलाच्या खोलीचं दार उघडलं, ती मिटल्या डोळ्यांनी त्यांच्यासमोरून गेली, लिफ्ट तिला घेऊन खाली गेली. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. वरून माणसं मुंग्यांएवढी दिसत होती. कुठली त्रिशला, ते ओळखू येत नव्हतं. मुंग्या वळसा घालत होत्या. त्यांनी मनातल्या मनात णमोकार मंत्र म्हटला आणि तिला ताकद दे म्हणून मागितलं.

पाठीला गार वारा लागला, म्हणून ते वळले.

घराचं दार सताड उघडं होतं. खोलीच्या मधोमध त्रिशला उभी होती. डोळे मिटलेले, मान डावीकडं कललेली. पाय जागच्या जागी उचलत होते, जणू कुणी पुढं ढकलतंय आणि ती जात नाही. उजवा हात पुढं आलेला होता, मूठ अर्धी मिटलेली. बोटभर जागा तिच्यात रिकामी होती.

भूपाल भिंतीला टेकले. तिचा पुढं आलेला हात काही खाली गेला नाही.

जिन्यानं धावत आल्यासारखी धापा टाकत फरहाना दारात आली. "हात लावू नका," ती कुजबुजली. "रांग सोडून निघाली. मी थांबवायला बघितलं, थांबेना."

"अंगरख्यानं आणलंय काय?"

फरहानानं हातातली पाटी त्यांच्यापुढं धरली. "अंगरखा तिला वळणावर चल म्हणतोय. अजूनही म्हणतोय. त्यानं आणलेलं नाही, आजोबा. माप मी कालच बदललं, तुमची चाल त्यातनं पुसून टाकली. हे त्याच्यात नाहीच."

"मग कशात हाय?"

फरहानाला शिकवलेल्या कुठल्याच धड्यात ते नव्हतं. पक्षी झोपेत उडतो, तेव्हा त्याला कुठं जायचं ते कोण सांगतं, हे तिलाही कुणी सांगितलं नव्हतं.

"जागं करू?"

"एकदम नको. तिच्या हृदयाला झेपणार नाही."

शेवटी भूपाल पुढं झाले आणि त्यांनी बोट दिलं. मूठ मिटली. पाय शांत झाले. त्यांनी तिला अंथरुणापर्यंत नेलं, ती आडवी झाली, आणि बोट सोडवून घ्यायला त्यांना बराच वेळ लागला.

* * *

आता लपवून चालणार नव्हतं. ती उठून आल्यावर चहा ठेवायच्या आधीच त्यांनी सगळं सांगितलं. पाटी, दव, बोट, वेग, आणि पहाटेचं दार.

त्रिशला ऐकत राहिली.

"मी वर आले? माझी मी?"

"व्हय."

"आणि तुम्ही रोज माझ्याशी बोलत होता."

"व्हय."

ती उठून उभी राहिली. "आप्पा, भूल दिलेल्या माणसापाशी आम्ही एक शब्द वावगा बोलत नाही. मी कुणाला बोलू देत नाही. सर्जननं विनोद केला तरी मी गप्प करते. का माहीत आहे? त्या माणसाला उठून उत्तर देता येत नाही म्हणून. आणि माझा बाप रोज पहाटे माझा हात धरून मला काहीबाही सांगत होता, आणि मला पत्ता नाही." तिचा आवाज चिरकला. "काय सांगत होता?"

"काय न्हाई. पपईचं झाड आलंय परसात. तवनाप्पाला नातू झाला. नळाला पाणी दिवसाआड येतंय."

ती बघतच राहिली. "एवढंच?"

"एवढंच."

"मग हे जागेपणी सांगायला काय झालं होतं?"

"तू जागी कधी असतीस?" भूपाल म्हणाले. आवाज न चढवता, नुसतं विचारल्यासारखं. "जागी असतीस तवा घाईत असतीस. झोपलीस की तेवढी सापडतीस."

अंगरखा काढून तिनं पेटीत भरला. कंपनीचा माणूस तो तपासायला घेऊन जाणार होता, दोन दिवसांनी नवा मिळणार होता.

भूपालांनी रात्रीच पिशवी भरली. "सकाळच्या गाडीनं गावी जातो, फाटकापाशीच थांबती ती. मी हितं असलो की तुझा जीव माझ्या बोटाला लटकतोय. लांब गेलो म्हंजे तुझं अंग इसरंल."

ती थांबा म्हणाली नाही. रागावली होती, आणि त्याहून जास्त घाबरली होती. स्वतःच्याच पायांना घाबरलेलं माणूस काय बोलणार. फक्त निजायला जाताना म्हणाली, "फाटकापर्यंत सोडायला येते. गजर लावते."

* * *

गजर झाला. पलीकडच्या खोलीत तो बराच वेळ वाजत राहिला, मग थांबला. भूपालांना वाटलं, नेहमीसारखा हातानंच बंद केला. त्यांनी पिशवी उचलली. पण त्रिशला खरंच बाहेर आली. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले, पायांत ते कधी न वापरलेले बूट.

फाटक टेकडीच्या पलीकडं होतं, म्हणून वाट तीच. दोघं खाली आली तेव्हा पूर्वेला उजेडाची नुसती फट पडली होती. जमीन थरथरायला लागली.

"हे काय?" त्रिशलानं विचारलं.

"येत्यात," भूपाल म्हणाले.

रांग वळणावरून आली. राखाडी अंगं, पांढऱ्या पट्ट्या, मिटलेल्या पापण्या. घोरणारे गृहस्थ घोरत गेले. इंदुमतीबाई लेकाला काहीतरी ठणकावून सांगत गेल्या. रांगेत एका जागी खंड होता. तिथलं माणूस आलं नव्हतं तरी मागच्यानं ती जागा भरली नव्हती. तेवढं अंतर तसंच ठेवून तो चालत होता.

झोपलेले चेहरे त्रिशला रोज बघे. पण ते टेबलावर आडवे असत, आणि ती त्यांच्या उशाशी राखण बसलेली असे. उभे, चालणारे आणि राखण नसलेले तिनं कधी बघितले नव्हते. ती मागं सरली. तिचा हात तोंडाशी गेला.

"ती मोकळी जागा..."

"तुझी."

"मी अशी दिसते?"

"तोंड मिटलेलं असतंय तुझं," भूपाल म्हणाले. "येवढं बरं."

तिला हसू आलं नाही. रांग जाईपर्यंत ती उभी राहिली. मग दोघं वाटेच्या कडेनं फाटकाकडं निघाली. एक पक्षी ओरडला. टेकडीवरच्या गवताचा वास येत होता, आणि त्रिशला तो वास ओळखीचा वाटतो का, हे आठवत असल्यासारखी चालत होती.

पिशवी भूपालांच्या डाव्या हातात होती. उजवा मोकळा होता. थोडं पुढं गेल्यावर त्या हाताला काहीतरी लागलं, आणि बोट मुठीत गेलं.

भूपालांनी खाली पाहिलं, मग वर. त्रिशला सरळ समोर बघत होती. तिला कळलंच नव्हतं. चार पावलांनी तिला कळलं. ती जागच्या जागी थांबली आणि स्वतःच्या हाताकडं बघत राहिली. दुसऱ्याच कुणाचा तरी हात आपल्या मनगटाला जोडलाय, असं.

"मी नाही धरलं," ती म्हणाली.

"न्हाई. मी पण न्हाई."

तिनं मूठ सोडली नाही. पावलं मोजून टाकल्यासारखी ती पुढं चालू लागली, त्यांच्या चालीनं. मग तिचं लक्ष पायांकडं गेलं. किती हळू पडत होते ते. ती पुन्हा थांबली.

"बस्तीतून येताना मी काय करायची, आप्पा?"

"काय?"

"मी अशी तुमच्या बोटाला धरून यायची नाही."

"छे. बोटाला धरून जायचीस. येताना पळायचीस."

"आणि?"

"आणि परत यायचीस. हात लावायचीस. पुन्हा पळायचीस. तुझी आई म्हणायची, ह्या पोरीला सुतळीनं बांधा."

त्रिशलानं मूठ उघडली. बोट सुटलं. तिनं बुटांच्या नाड्या आवळल्या आणि निघाली. आधी भरभर, मग आणखी भरभर. ते बघत राहिले. ती झोपेतल्यासारखी एका ठेक्यात चालत नव्हती. मधेच अडखळत होती, मधेच दम खात होती, केस तोंडावर येत होते. वळणापाशी जाऊन ती थांबली, गुडघ्यांवर हात टेकून वाकली, मग वळली आणि परत आली. चेहरा लालबुंद, कपाळावर घाम. तिनं त्यांच्या बोटाला नुसतं बोट लावलं.

"पपई," तिला धाप लागली होती, "पपई लागली का झाडाला?"

"तीन लागल्यात. दोन कावळ्यांनी खाल्ल्या."

"थांबा. आलेच." आणि ती पुन्हा निघाली.

भूपालांनी पिशवी बाकावर ठेवली आणि आपल्या चालीनं चालू लागले. रांग दुसऱ्या फेरीला आली, मोकळ्या जागेसकट त्यांच्याजवळून गेली. फाटकाबाहेर गाडी आली, थांबली, कुणी चढेना म्हणून भोंगा वाजवून निघून गेली. त्यांना तो ऐकूच आला नाही. ते वळणाकडं बघत होते. त्रिशला तिकडून आता परत यायची होती.